टाके मोजतेय, नंतर बोलू

नंदुरबारात एखाद्या बाईच्या हातात लोकर आणि सुया दिसल्या, की तिला दोनच प्रश्न विचारले जातात. पहिला, "काय गं, कोणाकडे गोड बातमी?" हा हिंदी सिनेमाचा प्रताप. पडद्यावर नायिका सुया घेऊन खिडकीत बसली, की पुढच्या रिळात पाळणा हललाच पाहिजे, हा तिथला शिरस्ता. "तसं काही नाही" म्हटलं, की दुसरा प्रश्न तयारच असतो, "मग निघालात कुठे?" म्हणजे चारधाम, मनाली, गेलाबाजार मुलगा-सून राहतात ते कॅनडा. विणलेला स्वेटर ही बाई इथेच घालणार आहे, तो घालून बाजारात मेथीची जुडी घेणार आहे, हे कोणाच्या डोक्यात येत नाही. त्यांचा तरी काय दोष? एप्रिल उजाडताच जिथे पारा चाळिशी ओलांडतो आणि दुपारी रस्त्यावर कुत्रंही फिरकत नाही, तिथे लोकरीचं नाव काढलं तरी घाम फुटतो.

पण हिवाळा आमच्याकडेही येतो आणि त्याचं स्वतःचं पंचांग आहे. दिवाळीत, धनत्रयोदशीच्या सुमाराला, धडगावकडच्या अस्तंब्याची यात्रा निघते. शिखर १,३२५ मीटर उंच. चिरंजीव अश्वत्थामा कपाळाची जखम घेऊन तिथे फिरतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याकडे तेल मागतो, अशी श्रद्धा. इतकी युगं त्या डोंगरावर काढूनही त्यानं कोणाकडे स्वेटर मागितल्याचं ऐकिवात नाही, यावरून आमच्या थंडीचा अंदाज यावा. मार्गशीर्ष पौर्णिमेला सारंगखेड्याच्या एकमुखी दत्ताची यात्रा आणि तापीकाठचा घोडेबाजार. तेव्हा थंडी भरात असते. आणि फाल्गुनात अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीची राजवाडी होळी. सातपुड्यातली मंडळी उघड्या अंगावर नक्षी रंगवून रात्रभर नाचतात, तेव्हा हिवाळा संपला हे हवामान खात्यानं वेगळं सांगावं लागत नाही. विणणारणीच्या हिशेबात याचा अर्थ असा, की अस्तंब्याला टाके घालायचे, सारंगखेड्यापर्यंत पाठ उतरवायची आणि होळीच्या आत गळ्याचे टाके उचलायचे.

शिवाय दरवर्षी ऐन थंडीत वर्तमानपत्रात एक बातमी हमखास येते : सातपुड्यात कडाका, डाब परिसरात दवबिंदू गोठले. सोबत गवताच्या काड्यांवर साचलेल्या पांढऱ्या थराचा फोटो. ही बातमी मी कापून ठेवते. कोणी "इथे कसली आलीय थंडी?" म्हटलं, की कात्रण पुढे करते. डाब आमच्या घरापासून बराच लांब आणि बराच उंच आहे, पण जिल्हा एकच आहे.

तर गेल्या दिवाळीत मी कार्डिगन विणायला घेतलं. नुसतं कार्डिगन नाही, जुन्या घाटाचं. नमुना म्हणजे आत्याबाईंचा फोटो.

आत्याबाई म्हणजे ह्यांच्या आत्या. वय ऐंशीच्या पुढे, दृष्टी अधू, जीभ शाबूत. चीनच्या युद्धानंतरच्या एका हिवाळ्यात स्टुडिओत काढलेला त्यांचा फोटो आमच्या दिवाणखान्यात आहे. मागे पडद्यावर रंगवलेला धबधबा, बाजूला प्लास्टरचा ग्रीक खांब, आणि खांबाला किंचित रेलून, उजवी बाजू पुढे करून उभ्या असलेल्या आत्याबाई. डावा हात खांबाच्या मागे. अंगात नऊवारीवर आखूड, बेताचं, गळ्याशी गोल आणि मोत्याच्या बटणांचं कार्डिगन. त्या काळचे फोटोग्राफर माणसाला कसं उभं करायचं हे जाणत, असं मी हा फोटो बघून नेहमी म्हणायची. नंदुरबार जिल्हा धुळ्यातून वेगळा झाला तो १ जुलै १९९८ ला; म्हणजे हे कार्डिगन आमच्या जिल्ह्यापेक्षा वयानं बरंच मोठं.

फोटो कृष्णधवल असल्यामुळे रंग कळत नाही, आणि एकत्र कुटुंबात जे कळत नाही त्याबद्दल सगळ्यांना खात्री असते. थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, मोरपंखी होतं. दीर म्हणाले, छे, राणी कलर. नणंदेनं फोनवरून बदामी असा निकाल दिला. तिचा जन्म फोटोनंतरचा आहे. शेवटी आत्याबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "अगं, तेव्हा रंग निवडायचा नसे. दुकानात जी लोकर असे, तो रंग."

फोटोबरोबर आत्याबाईंची वहीही मिळाली. शाळेत शिकवणाऱ्या एका बाईंकडच्या विलायती पुस्तिकेवरून त्यांनी ती वीण उतरवून घेतली होती. शाई उडालेली, पण अक्षर मोत्याचं. "दोन सु. दोन उ., सुईभर." "मुंढ्याला सहा टाके बंद." "उजवी बाही : ५६ टाके घालणे," मग पानभर तपशील. आणि शेवटी एकच ओळ, "डावी बाही : उजवीप्रमाणे." त्यापुढे वही कोरी. विणकामाच्या पुस्तकांत अशी ओळ असतेच, त्यामुळे मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

जुनी वीण हातात घेतली, की पहिला धक्का मापाचा बसतो. त्या काळच्या विलायती पुस्तिकांत छाती चौतीस इंच धरलेली असते. फार उदार झाल्या तर छत्तीस. त्यापुढच्या बायका थंडीत काय करत, यावर पुस्तिका गप्प असतात. उंची तर कमरेशीच थांबते. यामागे फॅशन थोडी आणि महायुद्ध जास्त. ब्रिटनमध्ये १ जून १९४१ पासून कपड्यांचं रेशनिंग सुरू झालं, ते १९४९ च्या मार्चपर्यंत चाललं. लोकरही कूपनांवर. मग वीण बसवणाऱ्यांनी कार्डिगनं आखूड केली, अंगासरशी केली, बाह्या चिंचोळ्या केल्या. लोकर वाचली. युद्ध संपलं, कूपनं गेली, पण तोवर लोकांना तेच सुंदर दिसायला लागलं होतं. लंडनच्या बाईला लोकर पुरेना, म्हणून नंदुरबारच्या बाईचं कार्डिगन कमरेला संपलं. आणि गंमत म्हणजे साडीवर ते इतकं नेमकं बसतं, की जणू ब्रिटिश सरकारनं आमच्या निऱ्यांचा विचार करूनच कायदा केला होता.

दुसरा धक्का सुयांचा. वहीत लिहिलंय, "बॉर्डर बारा नंबर, अंग दहा नंबर." आपल्याकडे सुयांचे जुने इंग्रजी नंबर चालतात. त्यात नंबर जितका मोठा, सुई तितकी बारीक. दहा नंबर म्हणजे सव्वातीन मिलिमीटर, बारा म्हणजे पावणेतीन. अमेरिकेत नेमकं उलट. तिथे दहा नंबरची सुई सहा मिलिमीटरची, पेन्सिलीशी बरोबरी करणारी. आत्याबाईंची वही अमेरिकेतल्या भाचेसुनेला पाठवली आणि तिनं तिकडच्या दहा नंबरनं इमानेइतबारे तेवढेच टाके घातले, तर जे तयार होईल ते सारंगखेड्याच्या घोड्याला व्यवस्थित येईल.

आणि घोड्याचा कार्डिगनवर हक्कही आहे. २५ ऑक्टोबर १८५४ ला क्रायमियात बालाक्लाव्हाच्या लढाईत तोफांच्या तोंडावर चालून गेलेल्या लाइट ब्रिगेडचे सेनापती होते लॉर्ड कार्डिगन. समोरून उघडणारं लोकरीचं जाकीट त्यांच्या नावानं ओळखलं जाऊ लागलं. ते रोनाल्ड नावाच्या घोड्यावर स्वार होते. घोडा वाचला, लॉर्डही वाचले. मागची शंभरावर माणसं वाचली नाहीत. त्याच बालाक्लाव्हाचं नाव डोकं, कान, हनुवटी झाकणाऱ्या टोपीला मिळालं. तिला आपण माकडटोपी म्हणतो. आणि त्या मोहिमेचे सरसेनापती लॉर्ड रॅग्लन यांचं नाव गळ्यापासून तिरपी उतरणाऱ्या बाहीला. रॅग्लनसाहेबांचा उजवा हात वॉटर्लूच्या लढाईतच गेलेला होता. म्हणजे विणकामातल्या एवढ्या प्रसिद्ध बाहीला नाव कोणाचं, तर ज्यांचं एका बाहीवर भागत होतं त्यांचं! त्या युद्धातून राज्यकर्ते काय शिकले कोण जाणे, पण स्वेटर, टोपी आणि बाही एवढं सामान मात्र जगाला मिळालं. आज सारंगखेड्याच्या बाजारात पहाटे शेकोटीशी माकडटोपी घालून घोड्याच्या किमतीवरून अडून बसलेले व्यापारी बघितले, की बालाक्लाव्हाची लढाई अजून संपलेली नाही असं वाटतं. फक्त इथे घोडा पळवायचा नसतो, भाव पाडायचा असतो.

वीण ठरली, सुया ठरल्या, राहिली लोकर. दुकानात गेले.

"लोकर दाखवा."

दुकानदारांनी गठ्ठे काढले. सुंदर रंग, मऊ स्पर्श, स्वस्त भाव.

"ही मेंढीची आहे का?"

"मेंढीची कशाला ताई? कंपनीची आहे!"

यात त्यांनी काही लपवलं नाही. बाजारात लोकर म्हणून जे मिळतं त्यातलं पुष्कळसं अॅक्रिलिक असतं आणि ते मेंढीला न विचारता तयार होतं. ओळखायचं झालं तर धाग्याचा तुकडा काडीनं पेटवायचा. अस्सल लोकर केस जळल्याच्या वासानं जळते आणि मागे चुरडून जाणारी राख राहते. अॅक्रिलिक वितळून त्याचा कडक मणी होतो. ही परीक्षा दुकानात कापडाच्या ठाणांमध्ये उभं राहून करू नये. मालकांच्या चेहऱ्यावर जे भाव येतात ते लोकरीच्या प्रकारावर अवलंबून नसतात.

विरोधाभास असा, की मी ही परीक्षा घरी करत होते त्याच आठवड्यात ठेलारी मेंढपाळांचे वाडे आमच्या बाजूनं चालले होते. शेकडो मेंढ्या. रस्ता पाऊण तास बंद. स्कूटरवर बसून मी अस्सल लोकर डोळ्यांसमोरून चालत जाताना बघत होते, आणि तिचा मला काडीचा उपयोग नव्हता. दख्खनी मेंढीची लोकर जाडी-भरडी. तिची घोंगडी अशी होते, की पाऊस आत येत नाही. पण तिचं कार्डिगन अंगात घातलं, तर माणूस थंडी विसरतो आणि दिवसभर खाजवतो. अंगाला सोसणारी बारीक लोकर येते ऑस्ट्रेलियाच्या मेरिनो मेंढीची, आणि ती धागा होऊन आपल्याकडे पोचते बहुधा लुधियानाहून. सुयांवर पोनीचा शिक्का. त्या घडतात निलगिरीतल्या केट्टीला. मोत्याची बटणं आणली सुरतेहून, तापीकाठच्या रेल्वेनं. वीण विलायतेची. या सगळ्यात नंदुरबारचं काय, असं ह्यांनी विचारलं. मी म्हटलं, ठसका.

कारण विणकामाचा हंगाम आणि मिरचीचा हंगाम एकच. दिवाळीनंतर ओल्या लाल मिरचीच्या गाड्या बाजार समितीत येतात, आणि गावाबाहेरच्या पथाऱ्यांवर मिरची वाळत पडते. एकरच्या एकर लाल. वारा गावाकडे फिरला, की सगळं गाव एका सुरात शिंकतं. पुण्या-मुंबईची बाई विणताना रेडिओ ऐकते. आम्ही विणताना शिंक आवरतो. चव्वेचाळीस, पंचेचाळीस, सेहेचाळीस, आक् छी, आणि पुन्हा एकपासून. पण रंगाचा प्रश्न त्या पथाऱ्यांनीच सोडवला. मोरपंखी, राणी, बदामी या तिन्ही पक्षांना बाजूला सारून मी मिरचीचा लाल घेतला. त्यामुळे तिन्ही पक्ष सारखेच नाराज झाले आणि घरात शांतता नांदली.

आता मूळ मुद्द्याकडे येते. ज्या गावात स्वेटर वर्षातून जेमतेम दोन महिने लागतो, दुकानात तयार मिळतो, आणि थंडीत तिबेटी विक्रेते रस्त्याकडेला लुधियानाच्या माळा लावून बसले की लोकरीच्या किमतीहून कमी पैशांत अंगात येतो, तिथे बाईनं तो विणावा कशासाठी?

हिशेब मांडते. इंचाला सात टाके. छत्तीस इंच घेर, म्हणजे एका ओळीत अडीचशे टाके. इंचाला नऊ ओळी, उंची वीस इंच. नुसत्या अंगाचेच पंचेचाळीस हजार झाले. त्यात दोन बाह्या धरल्या, की सत्तर हजारांच्या पुढे. लोक हा आकडा ऐकून हळहळतात, "बाई गं, केवढं काम!" त्यांना कळत नाही, की हे काम नाही, ही ठेव आहे.

कारण आपल्याकडे बाईनं बसणं हा गुन्हा आहे. ती पुस्तक घेऊन बसली तर "वाचतेच आहेस ना, जरा गॅस बघ." मोबाइल घेऊन बसली तर विचारूच नका. डोळे मिटून बसली तर डोकं दुखतंय का, मग चहा घे, आणि करतेच आहेस तर आम्हालाही टाक. पण तीच बाई हातात सुया घेऊन, ओठ किंचित हलवत बसली आणि कोणी हाक मारताच न बघता म्हणाली, "टाके मोजतेय, नंतर बोलू," तर घरातला कर्ता पुरुषसुद्धा चवड्यांवर मागे फिरतो. एक टाका चुकला तर काय अनर्थ होईल हे त्याला ठाऊक नसतं, आणि ठाऊक नसल्यामुळेच तो घाबरतो. सत्तर हजार टाके म्हणजे सत्तर हजार वेळा हक्कानं न उठणं. बारीक सुई, बारीक लोकर आणि आडवळणाची वीण यांचं महत्त्व आता ध्यानात यावं. जाड लोकरीचा स्वेटर पंधरवड्यात होतो. पंधरा दिवसांच्या सवलतीसाठी एवढा खटाटोप कोण करील? जुन्या घाटाच्या विणींमध्ये बायकांचं शहाणपण आहे ते हे, की त्या लवकर संपत नाहीत.

म्हणूनच मी म्हणते, विणकामाला नंदुरबारएवढी सोयीची जागा नाही. काश्मिरात, हिमाचलात स्वेटर ही गरज आहे. घरातले पाच जण दारात कुडकुडत उभे असतात, "झाला का, झाला का." गरजेला तारीख असते. आमच्याकडे तो कोणालाच नको असतो, त्यामुळे विणणारणीला कोणी घाई करत नाही.

ही युक्ती माझी नाही. ती आत्याबाईंकडून आली. १९६२ च्या ऑक्टोबरात चीननं हल्ला केला, नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री होऊन दिल्लीला गेले, आणि देशभर बायकांनी जवानांसाठी स्वेटर, मोजे, मफलर विणायला घेतले. सोनं गेलं, रक्त गेलं, लोकर गेली. आत्याबाई तेव्हा नव्या नवऱ्या. त्या सांगतात, "आमच्या गल्लीत तोवर सुनांनी ओट्यावर बसायची पद्धत नव्हती. पण जवानांचे स्वेटर घरात अंधारात कसे विणायचे? मग सगळ्या ओट्यावर. मामंजींनी आतून पाणी मागितलं, की आमची थोरली जाऊ म्हणायची, जवानांचं आहे, ओळ संपली की आणते. मामंजी उठून स्वतः घ्यायचे. देशासाठी."

"मग लढाई तर महिन्याभरात थांबली," मी म्हटलं.

"लढाई थांबली गं. आम्ही कुठे थांबलो?"

विणकाम चालू असलं, की येणाऱ्या-जाणाऱ्याला मत असणं बंधनकारक होतं. शेजारच्या काकू लोकर चिमटीत धरून "आकसेल हो" म्हणाल्या. समोरच्या वहिनींनी बाही मोठी धर म्हणून सांगितलं, धुतल्यावर सैल होते म्हणून पाठ लहान धर असंही सांगितलं, आणि दोन्ही सल्ले एकाच दमात. ह्यांचे एक मित्र कुतूहलानं विचारते झाले, की हे मशीनवर होत नाही का? होतं. संसारसुद्धा स्विगीवर होतो. पण सगळ्यांत मोलाची गोष्ट बोलली ती दारावर भाजी घेऊन येणारी आजी. माघ संपत आला होता, ऊन चटके देत होतं, आणि मी ओट्यावर सुया चालवत होते.

"हाई काय इनी ऱ्हायनी व माय?"

"स्वेटर."

"आते? हिवाळा त सरी गया ना!"

"पुढला सालनं शे."

आजीनं टोपली खाली ठेवली, माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "मंग घाई कसाले करस?"

माझा सगळा सिद्धान्त तिनं चार शब्दांत बसवला आणि वर कोथिंबीर फुकट दिली.

अंगात घालून बघायची वेळ येते तेव्हा मराठी बाईपुढे आणखी एक प्रश्न उभा राहतो. विलायती पुस्तिका त्यावर काही सांगत नाहीत, कारण त्यांच्या बायकांना पदर नसतो. पदर आत की बाहेर? पदर कार्डिगनच्या आत घेतला, तर साडी दिसत नाही आणि खांद्यावर कापडाचा गठ्ठा होऊन बाई एका बाजूनं कललेली दिसते. बाहेर घेतला, तर कार्डिगन दिसत नाही. मग विणलं कशासाठी? मधला मार्ग म्हणजे पदर आत, पण त्याचं टोक मागून खाली सोडायचं. तेव्हा पाठीमागे साडीचा काठ लोंबतो आणि पुढून बटणं लागत नाहीत. हळदीकुंकवाला आलेल्या बायका बघाव्यात. शाल, पदर आणि स्वेटर यांच्या एवढ्या रचना मी बघितल्या आहेत, की त्यावर स्वतंत्र पुस्तिका निघेल. सगळ्यांत वरचं एकच बटण लावायचं आणि बाकीची मोत्याची नुसती झळकू द्यायची, हा आत्याबाईंच्या फोटोतला उपाय अजून कोणाला सुधारता आलेला नाही. आणि स्वेटरपेक्षा कार्डिगन बायकांनी का जवळ केलं, याचं उत्तर अगदी सोपं आहे. डोक्यातून काहीही काढलं-घातलं, की अंबाडा सुटतो.

जानेवारीत आम्ही तोरणमाळला गेलो. ते सातपुड्यावरचं ठिकाण, यशवंत तलाव, सीताखाई, आणि संध्याकाळ होताच हाडांत शिरणारी थंडी. खरी, कात्रणातली. रस्त्याकडेच्या एका घराच्या अंगणात शेकोटी होती, तिथे हात शेकायला बसलो. मी अर्थातच पिशवीतून सुया काढल्या. घरातली बाई तान्ह्या पोराला फाटक्या गोधडीत गुंडाळून बसली होती. तिनं लोकर हातात घेऊन गालाला लावून बघितली.

"छान आहे. किती दिवस लागतात?"

"आख्खा हिवाळा."

ती हसली. "मग तोवर थंडी कोण काढतं?"

माझ्याकडे यावर विनोदी उत्तर नव्हतं. जिल्ह्यातली थंडी वर आहे आणि जिल्ह्यातली लोकर खाली, हे कात्रणात छापत नाहीत. वरच्या वस्त्यांना स्वेटर मिळतो तो बहुतेक वाटपाचा, म्हणजे शहरातल्या कोणाच्या तरी मापाचा. खाली आल्यावर मी उरलेल्या लोकरीत एका वर्षाच्या पोराचं झबलं विणलं, आणि ते जाड सुयांवर, साध्या विणीत, भराभर. तेव्हा मला कोणी हाक मारली असती तरी मी "थांबा" म्हटलं नसतं. ते काम होतं. ते तोरणमाळला जाणाऱ्या ओळखीच्या गुरुजींकडून वर पोचवलं आणि मग निवांतपणे पुन्हा कार्डिगनकडे वळले.

आणि आता संकट आलं आहे. होळी झाली. पाठ झाली, पुढचे दोन्ही भाग झाले, गळ्याची पट्टी झाली, उजवी बाही जोडून झाली. डावी बाही कोपरापर्यंत आली आहे. घरात कुजबुज सुरू झाली आहे, "झालंच म्हणे हिचं." थोरल्या जाऊबाईंचा निरोप आला, की ज्वारी भिजत घातली आहे, परवापासून बिबडे, मग कुरडया, मग शेवया, तू आता मोकळीच आहेस. खानदेशात उन्हाळ्याच्या तोंडावर मोकळी बाई म्हणजे गच्चीवरचं मनुष्यबळ.

म्हणून कार्डिगन घेऊन आत्याबाईंकडे गेले. त्यांनी ते मांडीवर घेतलं, बोटांनी बॉर्डर चाचपली, मुंढा चाचपला, उजवी बाही खांद्यापासून मनगटापर्यंत चाचपली आणि मान डोलावली. मग डावी. कोपराशी बोटं थांबली.

"बरोबर," त्या म्हणाल्या. "इथपर्यंतच होती."

"म्हणजे?"

"माझी डावी बाही इथपर्यंतच होती. उजवी झाली आणि सासूबाई म्हणाल्या, संपतच आलं, आता पापडाला बस. मग मी ती बाही तशीच ठेवली. कोणी विचारलं की सांगायचे, बाहीचं राहिलंय. पुढे कितीतरी वर्षं बाहीचं राहिलेलं होतं."

"अहो, पण फोटो?"

"म्हणून तर तो खांब मध्ये घेतला."

मी घरी आले, सुया आणि लोकर पिशवीत घालून कपाटात ठेवली, आणि जाऊबाईंना फोन केला, की यायची फार इच्छा आहे, पण बाहीचं राहिलंय. त्या म्हणाल्या, किती राहिलंय, कोपराच्या पुढेच ना, दोन दिवसांत उरकून टाक. मी म्हटलं, जाऊबाई, वीण जुनी आहे, वडीलधाऱ्या माणसाची आहे. नमुना जिथे थांबतो त्याच्या पुढे आपण आपल्या मनानं जाणं बरं दिसत नाही.